पेडलला पाय अडकवले तेव्हा

वाघोबा खिंडीच्या चढावर माझी मैत्रीण दर रविवारी मला मागे टाकायची, आणि मला त्याचं काही वाटत नाही असं मी दर रविवारी तिला सांगायचे. ती पालघरमध्ये दातांची डॉक्टर आहे. मी राहते सरावलीत, आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळते. आमची ओळख झाली ती तिच्या खुर्चीत. दाढ दुखत होती म्हणून मी गेले होते आणि हातात हेल्मेट होतं. माझ्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून झाल्यावर तिने विचारायला सुरुवात केली. सायकल कुठली, रोज कुठवर जाता, एकट्याच जाता का. मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं आणि ती थांबत नव्हती. दाढ भरून होईपर्यंत येत्या रविवारी मनोरच्या रस्त्याला जायचं ठरूनसुद्धा गेलं.

चाळिशी उलटल्यावर बायका नवीन मैत्रिणी जोडत नाहीत असं मला वाटत होतं. ही मला चढावर सापडली. म्हणजे चढावर ती नेहमी पुढेच असायची, माथ्यावर सापडायची. पालघर सोडून मनोरचा रस्ता झाडीत शिरला की हळूहळू तोंड वर करायला लागतो. मी सीटवरून उठायचे, हँडल ओढायचे, धापा टाकायचे. ती मात्र बसूनच असायची. तिचे पाय कुणीतरी वंगण घातल्यासारखे गोल फिरत राहायचे आणि पुढच्या वळणाआड जायचे.

एका पावसाळी सकाळी त्या चढावर माझा ओला बूट पेडलवरून सटकला. पेडलचे दात नडगीवर खसकन घासले गेले. मी कशीबशी सायकल ढकलत माथ्यावर पोचले. तिने आपल्या बाटलीतलं पाणी ओतून माझी नडगी धुतली, खरचटलेलं बारकाईने पाहिलं आणि काही विशेष नाही असा निकाल दिला. मग स्वतःचा पाय उचलून मला बुटाचा तळवा दाखवला.

"तू पाय पेडलवर नुसते ठेवलेत," ती म्हणाली. "माझे जोडलेत."

त्या जोडणाऱ्या पेडलांना क्लिपलेस म्हणतात. पाय तर चक्क अडकवायचा आणि नाव मात्र क्लिप नसलेलं, हे मला कळेना. तिने सांगितलं, की पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर तारेचा पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असायचा, त्यात बुटाचं टोक घालायचं. ती खरी क्लिप. ती गेली आणि तिच्या जागी बुटाच्या तळव्यालाच एक लहान तुकडा बसवायची पद्धत आली. त्याला क्लीट म्हणतात. क्लीट पेडलच्या खोबणीत दाबली की खट् करून अडकते, टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. जुनी क्लिप गेली म्हणून क्लिपलेस. मी म्हटलं, नाव ठेवणाऱ्याने घाई केली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. प्रयोगशाळेत रंगाचा नमुना तपासताना माझी टाच टेबलाखाली बाहेर वळून बघायची. घरी जेवताना मी नवऱ्याला पेडलांचे प्रकार समजावून सांगायचे. तो एका कारखान्यात देखभाल विभागात फिटर आहे, यंत्रांची त्याला आवड, पण सायकलीवर तो बसत नाही. तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा, की ट्रकसमोर पाय सुटला नाही तर काय करणार.

प्रश्न बरोबर होता. आमच्या वसाहतीतल्या रस्त्यावर टँकर, कंटेनर, रिक्षा, शिफ्ट सुटल्यावर पायी निघालेले शेकडो कामगार आणि त्यांच्यामधून वाट काढणारी मी. इथे दर थोड्या अंतराने पाय टेकावाच लागतो.

मैत्रिणीची पेडलं खास रस्त्यावरच्या शर्यतीची होती. त्यांची क्लीट मोठी, प्लास्टिकची, तळव्याबाहेर आलेली. ते बूट घालून ती चहाच्या टपरीकडे निघाली की टाचांवर तोल सांभाळत बदकासारखी जायची. टपरीवाला तिच्याकडे बघून आधी हसायचा आणि मग चहा गाळायला घ्यायचा. मला तसं चालणार नव्हतं. माझं सायकल चालवणं म्हणजे निम्मं उतरणं. कुठे ताडगोळे दिसले की उतर, कुठे मासळी ताजी दिसली की उतर, किनाऱ्यावर गेलं तर वाळूत दोन पावलं चाल. मला डोंगरातल्या सायकलींच्या पेडलांची जात बरी वाटली. तिची क्लीट लोखंडी, लहान, तळव्याच्या खाचेत लपलेली असते आणि बूट साध्या बुटासारखा चालतो. पेडलही दोन्ही बाजूंनी अडकणारं, म्हणजे सिग्नल सुटल्यावर खाली बघून बाजू शोधायला नको.

मैत्रिणीने नाक मुरडलं. शर्यतीच्या सायकलला डोंगराची पेडलं म्हणजे तिच्या मते रेशमी साडीवर गमबूट. मी म्हटलं, आमच्या कारखान्यात आम्ही सगळ्यावर गमबूटच घालतो.

मागवलेल्या पेडलांचं आणि बुटांचं खोकं कारखान्याच्या पत्त्यावर आलं. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने ते हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, लोहा मँगाया है क्या?" मी हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी कशीबशी थांबले. सुट्टी झाल्यावर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जाऊन खोकं उघडलं. पेडलं लहान, जड आणि चकचकीत होती. मी बोटाने स्प्रिंग दाबायचा प्रयत्न केला. ती जराही हलली नाही. यातून पाय कसा सुटणार असं वाटलं आणि त्याच वेळी हसूही आलं.

संध्याकाळी नवरा पाना घेऊन बसला. उजवं जुनं पेडल थोड्या कुरबुरीने निघालं. डावं निघेना. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने ते गंजून बसलं आहे असं म्हणून त्याने तेल सोडलं, पान्याला पाइप लावून जोर वाढवला, कपाळावरचा घाम पुसला. मी मागे उभी राहून मोबाइलवर वाचत होते. त्यात लिहिलं होतं, की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी ते मोठ्याने वाचलं. तो थांबला. इतका वेळ तो पेडल सोडवत नव्हता, आवळत होता. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग आम्ही दोघं तिथेच पॅसेजमध्ये बसून इतके हसलो, की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं.

खालच्या पार्किंगमध्ये सराव सुरू झाला. डावा हात भिंतीला, उजवा पाय पेडलवर. बुटाचं टोक पुढे सरकवायचं, दाबायचं. नाही. परत. नाही. मग एकदम खट्. तो आवाज माझ्या पोटरीतून वर आला. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने मान हलवली. टाच बाहेर वळवली, सुटला. परत खट्. परत सुटला. मी किती वेळ ते करत होते कोण जाणे. वरच्या गॅलरीतून एक काकू विचारत होत्या, सायकलला काय झालंय. नवऱ्याने त्यांना सांगितलं, सायकलला काही नाही झालेलं.

मग दोन्ही पाय अडकवून मी पार्किंगला एक फेरी मारली. खांबांमधून, स्कूटरींमधून. वर येणारा पायसुद्धा काम करत होता, हे मला पहिल्यांदा जाणवलं. आजवर तो नुसता दुसऱ्याच्या जोरावर वर येत होता.

सगळ्यांनी सांगितलं होतं की पहिल्या काही दिवसांत एकदा तरी पडणारच. मी पडले ते उभ्या सायकलवरून. पाम गावावरून पुढे किनाऱ्याकडच्या एका कोळीवाड्यात गेले होते. सकाळची वेळ, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना काठ्यांवर बोंबील टांगलेले आणि खाली ताडपत्रीवर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळायला पसरलेला. समोर बर्फाचा टेम्पो मागे घेत होते. मी वेळेत वेग कमी केला, वेळेत उजवी टाच वळवली, उजवा पाय शहाण्यासारखा सुटला आणि सायकल डावीकडे कलली.

डावा पाय अडकलेलाच होता. पडायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा मला खूप जास्त वेळ मिळाला. काय होणार हे मला पूर्ण कळलं, जवळा जवळ येताना दिसला, आणि मी सायकलीसकट त्यात आडवी झाले.

जवळा निवडत बसलेल्या दोघी-तिघी बायका उठून आल्या. त्यांतली एक वयाने मोठी, पदर खोचलेली. तिने आधी सायकल उचलायला घेतली, तर सायकलीबरोबर माझा पायही वर आला. तिने सायकल खाली ठेवली.

"बाय, पाय का नाय टेकलास?"

"अडकलाय."

"कुनी अडकवला?"

"मीच."

तिने बाकीच्यांकडे बघितलं. मग हसू फुटलं ते थांबेना. मीही पडल्या जागी हसत होते. टाच वळवून पाय मोकळा केला, तेव्हा ती वाकून बघत होती. परत दाखव म्हणाली. मी परत अडकवून सोडवून दाखवला. तिघींनी बघितलं. मोठीने सांगितलं, की होडीवर जाळं सोडताना दोरात पाय अडकू नये म्हणून पुरुष जिवाला जपतात आणि ही बाई विकत घेऊन अडकवते. कोपर सोललं होतं, ते तिने समुद्राच्या पाण्याने धुवायला लावलं. मी चुरडलेल्या जवळ्याबद्दल माफी मागितली, तर तिने हातानेच तो पसरून सारखा केला आणि मला जाताना एक पिशवी घ्यायला लावली. घरी पोचले तेव्हा नवऱ्याने दार उघडलं, वास घेतला आणि काही न विचारता आंघोळीचं पाणी काढलं.

पडण्याची भीती त्या दिवशी गेली. पण दुसरंच दुखणं सुरू झालं. डावा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखायला लागला. आधी जिना उतरताना, मग प्रयोगशाळेत उभं राहताना. आठवड्याभरात सायकलकडे बघितलं तरी तो दुखतो असं वाटायला लागलं. इतक्या हौसेने घेतलेली वस्तू आपल्या शरीरालाच मानवत नाही, या विचाराने मी खट्टू झाले. जुनी पेडलं परत लावायला पानाही काढला होता.

मैत्रिणीने फोनवर ऐकून घेतलं आणि मला पलंगाच्या कडेवर बसून पाय सैल सोडायला सांगितलं. "आता खाली बघ. दोन्ही पावलं सरळ आहेत का?"

नव्हती. उजवं सरळ होतं, डावं बाहेर वळलेलं होतं, बेफिकीरपणे. नवरा शेजारी उभा होता. तो बाहेर गेला आणि माझी रोजची चप्पल घेऊन आला. डावी चप्पल मागे बाहेरच्या कडेला झिजलेली होती. इतकी वर्षं मी अशी चालत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी डावी क्लीट सरळ बसवून त्या पावलाला बळेच नाकासमोर धरून ठेवलं होतं. आम्ही स्क्रू ढिले केले, क्लीट जराशी फिरवली, जराशी मागे सरकवली. एक फेरी, परत जराशी. बदल नखाएवढा होता. पुढच्या रविवारी माहेरी जाऊन आले तरी गुडघ्याने तोंड उघडलं नाही.

माहेर केळव्याकडे, वाडीतलं. नारळ, केळी, पानवेली, मध्ये विहीर. त्या अंगणात पाय ठेवला की माझं 'नाही'सुद्धा 'नाय' होतं. बाबा आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. उभं आयुष्य त्यांनी सायकलवर माल नेला. पाटीत तोंडली, पडवळ, कधी पानांच्या गड्ड्या, आणि पहाटे पालघरचा बाजार. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सायकल बंद. मी खट् करून पाय सोडवला आणि उतरले, तेव्हा ते ओटीवर बसले होते. आवाज त्यांनी बरोबर टिपला. काय तुटलं, म्हणाले.

मी पेडल दाखवलं, बूट उलटा करून दाखवला. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी पेडल हाताने फिरवून बघितलं, स्प्रिंगवर अंगठा दाबला आणि शांतपणे म्हणाले, "आमी टूब बांधायचो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. पावसात रबरी चप्पल पायडलवरून घसरायची. मागे एवढा माल, पाय घसरला की सगळंच कोसळणार. म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून ते पायडलला आडवी बांधायचे आणि पाऊल तिच्याखाली सरकवायचे. बाजाराला जाणारे बरेच जण तसं करायचे.

"आणि काढायचात कसा?"

"मागं खेचला की निघायचा. तुला वाकडा करायला लागतो, येवढाच फरक हाय."

"पडलात नाय कधी?"

त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं. आई आत होती. आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की एकदा बाजाराच्या वाटेवर माहीमच्या वळणावर बैलगाडीला वाट देताना पाय निघाला नाही आणि ते तोंडल्यांच्या पाट्यांसकट खाडीकाठच्या खाजणात गेले. कमरेपर्यंत चिखल. तोंडली वेचून, विहिरीवर धुऊन, मग बाजारात गेले. घरी सांगितलं, की वाटेत पाऊस लागला. मी त्यांना जवळ्याची गोष्ट सांगितली. ते हसले तेव्हा त्यांचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. आईने आतून विचारलं काय चाललंय, तर दोघंही म्हणालो, काही नाय.

मग त्यांनी बूट मागितला. बाबा चणीने लहान आहेत, पाऊल जवळपास माझ्याएवढंच. मी सायकल ओटीच्या कडेला टेकवली आणि पुढून घट्ट धरली. त्यांनी ओटीवर बसूनच उजवा पाय पेडलवर नेला. जागा शोधायला त्यांना वेळ लागला नाही. खट् झालं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार वर्षांनी बघत होते. त्यांनी पेडल उलटं फिरवलं, सावकाश, एकदा, पुन्हा एकदा, चेन टकटकत राहिली. सोडवताना मात्र ते सवयीने पाय मागे खेचत होते आणि तो निघत नव्हता. मी त्यांची टाच हातात धरून बाहेर वळवली. एवढ्यात आई बाहेर आली. मग पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून बोलणी खाल्ली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा वाघोबाच्या वाटेला लागलो. हवा कोरडी होती, रस्ता स्वच्छ. झाडी सुरू झाली तशी मैत्रीण नेहमीप्रमाणे पुढे सरकली. मी ठरवलं, उठायचं नाही. बसूनच राहायचं. एक पाय दाबत होता तेव्हा दुसरा मी वर ओढत होते, चिखलातून पाय काढावा तसा. श्वास लागला पण तुटला नाही. एक वळण गेलं. जिथे मी दर वेळी उतरायचे तो आंब्याचा बुंधा आला आणि मागेही पडला. मग मला तिची पाठ दिसली. जवळ येत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला हवा शिल्लक नव्हती. मी बाजूला आले तेव्हा तिने मान वळवून माझ्या पायांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, आणि दातओठ खाऊन वेग वाढवला. माथ्यावर तीच आधी पोचली. पण माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला लागून होतं. आम्ही वाघोबाच्या देवळापाशी थांबलो आणि हँडलवर ओणवून धापा टाकत राहिलो.

"डोंगराची पेडलं," ती शेवटी म्हणाली आणि बाटली माझ्या हातात दिली.

परत पालघरच्या बाजूला उतरताना वारा कानात भरला होता. एका वळणानंतर एक माकडीण, पोटाला पिल्लू चिकटलेलं, कठड्यावरून थेट रस्त्यात उतरली आणि मधोमध बसली. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग ती उठून निघून गेली, आणि तेव्हा मी खाली बघितलं. माझा डावा पाय जमिनीवर टेकलेला होता. तो कधी सुटला, टाच कधी वळली, मला काही आठवेना. मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याने आपलं आपण केलं होतं. मागून येऊन थांबलेली मैत्रीण काय झालं म्हणून विचारत होती आणि मी पायाकडे बोट दाखवून नुसती हसत होते.

पालघरला पोचल्यावर तिला घरी जायचं होतं आणि मला सरावलीची वाट धरायची होती. चौकात दोघी थांबलो. अजून ऊन चढलं नव्हतं. पायांत एवढं काहीतरी भरलं होतं, की त्यांना घरी नेऊन काय करायचं हेच कळत नव्हतं. ती म्हणाली, माहीमला जाऊन समुद्र बघून येऊ. मी नवऱ्याला फोन लावला.

"पडलीस का?" त्याने पहिलं तेच विचारलं.

"नाही. जेवायला थांबू नको."

तो काही बोलायच्या आत मैत्रीण निघाली होती. मी फोन खिशात कोंबला, पाय अडकवला आणि तिच्या मागे सुटले.